कोहळा श्वास घेत नाही

एकदा एका नदीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच वैद्यशाळा होती. ती नदी कोणती, हे विचारू नये. एवढंच सांगतात की तिथे वर्षातले बरेच दिवस सकाळी धुकं असे आणि उन्हं चांगली वर आली तरी ते पाण्यावर रेंगाळत राही. अलीकडच्या काठावर विद्यार्थी शिकत, पलीकडच्या काठावर रुग्णशाळा होती. नवा रोगी आला की रुग्णशाळेतली घंटा वाजे. तिचा आवाज पाण्यावरून अलीकडे येईपर्यंत इतका मऊ होऊन जाई की ऐकणाऱ्याला वाटे, ही आपल्या मनातच वाजली.

शाळेचा नियम असा, की जिवंत माणसाच्या अंगाला शस्त्र लावण्याआधी विद्यार्थ्याचा हात निर्जीव वस्तूवर तयार झाला पाहिजे. त्यासाठी अलीकडच्या काठावर एक मोठा मंडप होता आणि त्या मंडपात कोहळ्यांच्या राशी असत. कोहळ्याची साल चिरायची, पण आतल्या गराला धक्का लावायचा नाही. कमळाच्या देठातली नळी सुईने वेधायची, पण देठ मोडू द्यायचा नाही. मऊ कातड्याला असे टाके घालायचे की वरून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळू नये. हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. करून बघणाऱ्याची बोटं आठवडाभर ठणकत.

या मंडपाचे आचार्य होते श्रीकंठ. मूळचे ते पलीकडच्या काठावरचे, तरुणपणी रुग्णसेवेत रमलेले. मंडपातले आधीचे गुरुजी आजारी पडले म्हणून एका हंगामापुरते अलीकडे आले आणि तो हंगाम त्यांनी इतका उत्तम निभावला की त्यांना परत पाठवण्याचं कुणाच्या मनातच आलं नाही. चांगलं काम करणाऱ्या माणसाला जगात जे बक्षीस हटकून मिळतं तेच त्यांना मिळालं, ते म्हणजे तेच काम पुन्हा. विद्यार्थी त्यांना प्रेमाने कोहळेगुरुजी म्हणत. हळूहळू सगळी शाळाच तसं म्हणू लागली आणि त्यांचं खरं नाव फक्त म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात उरलं.

शाळेचे जुने प्रमुख, ज्यांना सगळे थोरले आचार्य म्हणत, त्यांनी वय झाल्यावर शाळेची सूत्रं आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती दिली आणि नदीच्या वरच्या अंगाला वेळूच्या बनात झोपडी बांधून ते तिथे राहायला गेले. हा शिष्य म्हणजे सुधन्वा. कुलगुरूच्या आसनावर बसलं की बहुतेकांची मान ताठ होते. सुधन्वाची झाली नाही. त्याचा स्वभावच कौतुकाचा. कुणी मन लावून काही केलेलं दिसलं की त्याला राहवत नसे. त्या माणसाच्या खांद्यावर शाल घालून चार लोकांसमोर तोंड भरून बोलल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. त्याच्या काळात सत्कार एवढे वाढले की शाली ठेवायला वेगळी खोली काढावी लागली, आणि मग त्या खोलीची व्यवस्था नीट ठेवणाऱ्याचाही सत्कार झाला.

शाळेत एक जुनी रीत होती. हंगाम संपला की ज्यांचा हात तयार झाला ते विद्यार्थी नावेत बसून पलीकडे जात. ती नाव काठावरून ढकलायची ती मंडपाच्या आचार्यांनी, गुडघाभर पाण्यात उभं राहून. पूर्वी हे साधेपणाने होई. सुधन्वाने त्याचा सोहळा केला. पायघड्या आल्या, सनई आली, आचार्यांच्या गळ्यात हार पडू लागला. नाव धुक्यात दिसेनाशी झाली की लोक रांग लावून श्रीकंठ आचार्यांच्या पाया पडत. सुधन्वाची नावही एके काळी याच हातांनी ढकलली होती. नाव सुटताना तळपायांना जाणवलेला तो हलका धक्का त्याला अजून आठवे, आणि दर वर्षी तो क्षण आला की त्याचे डोळे भरून येत. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात येत नव्हती, की नाव ढकलणारा दर वर्षी काठावरच राहतो.

एका दुपारी श्रीकंठ आचार्य त्याला भेटायला आले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते कसं सांगावं हे ठरवण्यात त्यांची बरीच सकाळ गेलेली दिसत होती. पलीकडून अधूनमधून भेटायला येणारे जुने विद्यार्थी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. मंडपात कधी न चुकणारा हात पहिल्यांदा जिवंत माणसावर धरला की चुकतो. थोडासाच चुकतो, पण ज्याच्या पोटावर चुकतो त्या रोग्याला ते थोडंसं फार महागात पडतं. हात का चुकतो, हे मात्र विद्यार्थ्यांना सांगता येत नव्हतं.

"मला वाटतं, मला कारण सापडलंय," आचार्य म्हणाले. "कोहळा श्वास घेत नाही. माणसाचं पोट शस्त्राखाली वर येतं, खाली जातं. आम्ही मुलांचा हात स्थिर वस्तूवर पक्का करतो आणि हलत्या देहाकडे पाठवतो. मला काही काळ पलीकडे जाऊन राहायचं आहे. श्वासाबरोबर हात कसा चालवायचा, ते इतक्या वर्षांत मीही विसरलोय; आधी मला ते पुन्हा शिकायला हवं. मग ते मी शिकवू शकेन."

सुधन्वाला ही गोष्ट मनापासून पटली. पण त्याच वेळी त्याला भीतीही वाटली. हे गेले तर मंडपात बसणार कोण? नवे विद्यार्थी दारात उभे असणार. सगळ्या मुलुखात या शाळेचं नाव होतं ते इथून तयार होऊन गेलेल्या हातांमुळे. आणि एकदा पलीकडे रमलेला माणूस परत येईलच कशावरून? त्याने आचार्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं की या वर्षी अडचण आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू. आचार्य गेल्यावर त्याला फार चुटपुट लागली. म्हणून त्याने लगेच एक सभा बोलावली आणि त्यांना शाल दिली.

पुढच्या वर्षी आचार्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सुधन्वाने त्यांच्यासाठी मंडपात चंदनाची बैठक करवून घेतली. इतकी सुरेख बैठक त्या मुलुखात दुसरी नव्हती. त्यानंतर आचार्यांनी आणखी एकदा विषय काढला, अगदी हलक्या आवाजात, जाता जाता. या वेळी त्यांना 'हस्तविद्याभूषण' ही पदवी मिळाली. ती उच्चारताना सूत्रसंचालकाची जीभ अडखळली आणि सभा हसली. आचार्यही हसले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढणंच सोडून दिलं, आणि सुधन्वाला वाटलं की आता त्यांचं समाधान झालं.

मग एके दिवशी धुकं अजून मंडपात शिरलेलं असताना सुधन्वा सहज तिकडून चालला होता. पाठ संपला होता, विद्यार्थी गेले होते. श्रीकंठ आचार्य एकटेच एका मोठ्या कोहळ्यासमोर बसले होते. त्यांनी आपला तळवा त्या कोहळ्यावर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. निजलेल्या मुलाच्या छातीवर आई हात ठेवते तसा तो हात होता. ते कशाची तरी वाट बघत होते. सुधन्वा खांबाआड उभा राहून बघत राहिला. बऱ्याच वेळाने आचार्यांनी हात काढून घेतला आणि ते राशी नीट लावू लागले.

त्याच आठवड्यात त्यांनी येऊन सांगितलं की हा हंगाम संपला, नाव ढकलून झाली, की आपण गावी जाऊ. भावाचा मळा आहे, तिथे राहू.

सुधन्वा हबकला. त्याने विचारलं, आमचं काही चुकलं का?

"नाही," आचार्य म्हणाले. "आपण मला फार दिलंत."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, काहीतरी उत्तर देता आलं असतं. सुधन्वाला त्या रात्री झोप लागली नाही, आणि उजाडल्यावर तो कुणाला न सांगता वेळूच्या बनाकडे निघाला.

बनात चालताना दिशा कळत नसे. वेळू एकमेकांवर घासून हळू आवाज करत आणि वाटे, कुणीतरी पलीकडच्या खोलीत बोलतंय. थोरले आचार्य झोपडीबाहेर चटईवर बसले होते. जागे होते की डुलकी घेत होते, हे त्यांच्याकडे बघून सांगता येत नसे आणि तेही सांगत नसत. सुधन्वाने पाया पडून सगळी हकीकत सांगितली. शाल, बैठक, पदवी, सगळं. आणि शेवटी विचारलं, "गुरुजी, आता याहून मोठं काय देऊ म्हणजे ते थांबतील?"

 म्हाताऱ्याने डोळे न उघडता विचारलं की नाव सुटली की श्रीकंठ काय करतो. सुधन्वा म्हणाला की ते ओले पाय पुसून मंडपात जातात, नवे विद्यार्थी आलेले असतात. थोरले आचार्य नुसतं 'हं' म्हणाले. सुधन्वाने धीर करून विनंती केली की या वर्षीच्या सोहळ्याला आपण स्वतः यावं आणि आपल्या हातांनी त्यांच्या गळ्यात हार घालावा. आपल्या हातचा हार म्हटल्यावर ते नाही म्हणू शकणार नाहीत. म्हातारा येतो म्हणाला. सुधन्वा परत निघाला तेव्हा त्याच्या मनावरचा भार बराच कमी झाला होता.

सोहळ्याच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की सनई वाजवणारे दिसत नव्हते, नुसती सनई ऐकू येत होती. विद्यार्थी नावेत बसले होते. नावाडी वल्हं धरून तयार होता. श्रीकंठ आचार्य नेहमीप्रमाणे धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे होते, दोन्ही तळवे नावेच्या कडेवर टेकून. थोरले आचार्य काठी टेकत पायघड्यांवरून आले तसे सगळे लोक उठून उभे राहिले. सुधन्वाने ताट पुढे केलं. ताटात टपोऱ्या मोगऱ्याचा हार होता.

म्हाताऱ्याने हाराकडे पाहिलंही नाही. खडावा काढल्या, काठी एकाच्या हातात दिली आणि ते सरळ पाण्यात उतरले. लोकांना वाटलं, बिचाऱ्यांना आता काही कळत नाही. ते सावकाश श्रीकंठांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या हातांशेजारी आपले हात नावेला लावले.

"श्रीकंठा," ते म्हणाले, "नावेत बस."

कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली होती. श्रीकंठ आचार्यांना आधी समजलंच नाही. त्यांनी सांगून पाहिलं की नाव मी ढकलायची असते, रीत तशी आहे. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. सनई थांबली. सुधन्वा काठावरूनच हलक्या आवाजात म्हणत राहिला, गुरुजी, अहो गुरुजी. कुणी ऐकत नव्हतं. नावेतले विद्यार्थी एकमेकांकडे बघत सरकले आणि मध्ये एक जागा झाली. श्रीकंठ आचार्य त्या जागेकडे बघत राहिले. मग ज्या चपळाईची त्यांच्याकडून कुणाला अपेक्षा नव्हती तिने ते नावेत चढले आणि खाली बसले.

थोरल्या आचार्यांनी नाव ढकलली. ती हलली नाही. एवढी माणसं भरलेली नाव आणि हे नव्वदीला टेकलेले हात. त्यांनी पुन्हा जोर केला, त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पाय वाळूत रुतले. मग त्यांनी वळून सुधन्वाकडे पाहिलं. सुधन्वा रेशमी वस्त्र नेसून, हाराचं ताट हातात धरून पायघड्यांवर उभा होता. त्याला लख्ख कळत होतं की ही नाव सुटली तर उद्यापासून मंडप रिकामा. न सुटली तर भर सभेत गुरूचं हसं. खरं सांगायचं तर तो पाण्यात उतरला तो काही उमजून नव्हे, म्हाताऱ्या गुरूची फजिती बघवेना म्हणून. त्याने ताट खाली ठेवलं, रेशमासकट पाण्यात शिरला आणि खांदा लावला. नाव सुटली. क्षणभर श्रीकंठ आचार्यांची पाठ दिसली, मग धुकं तिच्यावर मिटलं.

दुसऱ्या दिवशी नवे विद्यार्थी मंडपात आले तेव्हा चंदनाच्या बैठकीवर थोरले आचार्य बसलेले होते. ते वेळूच्या बनात परत गेलेच नव्हते. त्यांच्या नावाचा दबदबा एवढा, की मुलांनी आधी श्वास रोखूनच पाहिलं. म्हाताऱ्याने शस्त्र उचललं. त्यांचा हात थरथरत होता. साल कापता कापता शस्त्र गरात गेलं, गरातून बियांत गेलं, आणि कोहळ्याचं पाणी चंदनावरून वाहू लागलं. हे असं रोज चाललं. मुलं आधी गोंधळली, मग कुजबुजू लागली, आणि शेवटी सुधन्वाकडे तक्रार घेऊन आली.

सुधन्वा मंडपात गेला तेव्हा त्याचा संयम संपला होता. मुलांना बाहेर पाठवून तो बोलला. गुरूशी कधी बोलला नव्हता तसं बोलला. म्हणाला, शाळेतला सगळ्यांत चांगला शिक्षक तुम्ही आपल्या हाताने घालवलात, आणि आता त्याच्या जागेवर बसून जे चाललंय ते बघून लोक काय म्हणतील याचा तरी विचार करा. मी त्यांच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं?

थोरल्या आचार्यांनी हातातलं शस्त्र पुसलं आणि खाली ठेवलं.

"मी इथे बसलो ते एवढ्यासाठी," ते म्हणाले, "की ही जागा रिकामी झाली तरी आभाळ कोसळत नाही, हे तुला दिसावं. वाईट चाललंय, मला कळतं. पण चाललंय. त्याने तुझ्याकडे वाट मागितली, सुधन्वा. तू बैठक दिलीस, आणि तीही चंदनाची, म्हणजे उठणं आणखी अवघड. त्याने जे करून झालं होतं त्याचं तू कौतुक केलंस. त्याला अजून जे करायचं होतं ते पुढच्या वर्षावर टाकलंस. शाल द्यायला देणाऱ्याला काही सोडावं लागत नाही, म्हणून ती पटकन हातात येते. वाट द्यायची तर त्याचं ओझं कुणीतरी आपल्या अंगावर घ्यावं लागतं. तुझी त्याच्यावर माया आहे, हे मी जाणतो. पण ज्या मायेने माणूस जिथल्या तिथे राहतो, ती माया थोडी त्याच्यासाठी असते आणि बरीचशी आपल्या सोयीसाठी."

सुधन्वा उभाच होता. बाहेर धुक्यात मुलं हळू आवाजात बोलत होती.

"माझा हात आता चालत नाही," म्हातारा म्हणाला. "उद्यापासून इथे कोण बसणार, ते तू ठरव."

सुधन्वाने बरंच ठरवून पाहिलं. याला सांगावं, त्याला सांगावं. प्रत्येकाकडे आपापलं काम होतं. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले आचार्य बनात परतले आणि तो स्वतःच जाऊन मंडपात बसला. चंदनाच्या बैठकीवर बसवेना, म्हणून खाली चटईवर. त्याचा हात थोरल्या आचार्यांपेक्षा बरा होता, पण फार नव्हे. कुलगुरूपणात तो बरंच विसरला होता. पाठ शिकवायचा तर आदल्या दिवशी आपणच कोहळे कापत बसावं लागे. मुलं चुकत, तो चुके, कधी कधी सगळे एकदम हसत. हे निभवायचं तर त्याची इतर कामं कुणीतरी घेणं भाग होतं. ती मागायला तो एकेका अध्यापकाकडे गेला, आणि मागता मागता त्याला विचारावंसं वाटलं, की तुमच्या मनात काय करायचं आहे?

हे काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. रसशाळेत वर्षानुवर्षं औषधं घोटणाऱ्या आचार्यांना हा प्रश्न ऐकून घाम फुटला. त्यांना वाटलं, आपल्याला काढून टाकतायत. त्यांनी लगेच आपण किती समाधानी आहोत ते सांगायला सुरुवात केली. त्यांची समजूत पटायला आठवडा गेला. मग ते लाजत म्हणाले की डोंगरातल्या वनस्पती आपण फक्त वाळलेल्या पाहिल्या आहेत, एकदा त्या उगवलेल्या बघायच्या आहेत. सुधन्वाने त्यांचा खल उचलून दुसऱ्याच्या हाती दिला आणि त्यांना डोंगरात धाडलं. तिथून ते आले ते दहा वर्षं तरुण होऊन. असं एकामागून एक होत गेलं. कुणी निघालं की त्याचं काम बाकीचे वाटून घेत. कुरकुर होई, पण आपलीही पाळी येणार हे माहीत असल्याने ती फार टिकत नसे. शालींच्या खोलीकडे कुणाचं फारसं लक्ष राहिलं नाही. सनईवाले मात्र जरा नाराज होते.

श्रीकंठ आचार्यांकडून काही निरोप नव्हता. सुधन्वा कधी काठावर जाऊन उभा राही. पलीकडची घंटा वाजे, पाण्यावरून येता येता मऊ होई, आणि त्याला वाटे, ते आता येणार नाहीत. चंदनाची बैठक तो रोज पुसून ठेवी. ते आले की काय बोलायचं तेही त्याने मनात जुळवून ठेवलं होतं.

आणि एका सकाळी धुक्यातून नाव आली आणि ते उतरले. वाळले होते, पण डोळे निराळे दिसत होते. त्यांच्या बगलेत कातड्याची एक पिशवी होती, लोहाराच्या भात्यासारखी, आणि तिला बोरूची एक नळी लावलेली. मंडपात येऊन त्यांनी ती पिशवी जमिनीवर ठेवली, कोहळ्याची सालीसकट एक पातळ फोड तिच्यावर ताणून बांधली आणि एका विद्यार्थ्याला नळी तोंडात धरून सावकाश फुंकायला सांगितलं. फोड वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. मुलं जवळ सरकली. निर्जीव वस्तू श्वास घेत होती.

सुधन्वाने न सांगता शस्त्र उचललं आणि चिरायला गेला. फोड वर आली तसं शस्त्र खोल गेलं. श्रीकंठ आचार्यांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "तू त्याला दाबून ठेवायला बघतोयस. दाबू नकोस. तो वर येईल तेव्हा तूही वर ये, खाली जाईल तेव्हा खाली जा. हात त्याच्यासोबत राहू दे."

सुधन्वा कुलगुरू झाल्यापासून आचार्य त्याला 'आपण' म्हणत. आज मनगट धरताना ते विसरले. सुधन्वाने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा चुकला, आणि मग एकदा हात त्या श्वासाबरोबर वर आला, खाली गेला आणि साल तेवढीच चिरली गेली. कितीतरी वर्षांनी त्याला नवं काही आलं होतं. त्याला लहान मुलासारखा आनंद झाला.

मुलं गेल्यावर दोघेच उरले. चंदनाची बैठक समोरच होती, स्वच्छ पुसलेली. सुधन्वाच्या जिभेवर ते जुळवून ठेवलेलं वाक्य आलं होतं. ते त्याने गिळलं आणि विचारलं, "आता पुढे काय मनात आहे?"

आचार्यांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. हा नुसता विचारतोय की ऐकणारही आहे, हे त्यांना बघायचं असावं.

"लहान मुलांचा श्वास फार भरभर चालतो," ते म्हणाले. "त्यांच्यावर शस्त्र धरायला तिकडे भलेभले कचरतात. एक तान्हं मूल माझ्यासमोर गेलं. ते मला शिकायचं आहे. किती काळ लागेल, सांगता येत नाही. आणि खरं सांगतो, मी मंडपात परत येईनच असं नाही."

सुधन्वाच्या मनात तीच जुनी भीती उठली. ती नाहीशी झालेली नव्हतीच. काहीतरी मोठं देऊन यांना थांबवता येईल का, हा विचारही मनात येऊन गेला. पण त्याच्या मनगटावर अजून त्यांच्या बोटांची ऊब होती.

"जा," तो म्हणाला. "मंडप आता आमच्याकडे आहे. त्याची काळजी तुम्ही करू नका."

 श्रीकंठ आचार्यांनी ती पिशवी उचलली, तिच्या नळीतलं पाणी झटकून टाकलं आणि ती सुधन्वाच्या हातात दिली. उन्हं वर येण्याआधी ते गेले. सुधन्वा रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

(ही गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयांच्या सत्कार समारंभांत सहसा सांगत नाहीत. शाल घालून झाल्यावर, समोरच्या अध्यापकाला पुढे काय करायचं आहे आणि त्यासाठी त्याचं कोणतं काम आपण उचलणार, एवढं विचारायची ज्यांची तयारी असेल त्यांनी ती जरूर सांगावी.)

त्या दुपारी सुधन्वा वेळूच्या बनात गेला. थोरले आचार्य चटईवर बसले होते, नेहमीसारखे, जागेपण आणि झोप यांच्या मध्ये कुठेतरी. सुधन्वाने सांगितलं की श्रीकंठ आचार्य येऊन गेले, काय घेऊन आले होते, आणि आता कुठे गेले.  म्हातारा ऐकत होता. सांगून संपलं तेव्हा वेळू हलत होते आणि खाली नदी वाहत होती.

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. मग डोळे उघडून त्यांनी शिष्याकडे पाहिलं. "आणि तुला काय करायचं आहे, सुधन्वा?"

सुधन्वाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शाळेला काय हवं, मंडपाला काय हवं, पुढच्या हंगामाचं काय, हे सगळं त्याच्याजवळ तयार होतं. पण प्रश्न तो नव्हता. आसनावर बसल्यापासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. त्यांना अजून कोहळ्याचा वास येत होता.

थोरल्या आचार्यांना कसलीच घाई नव्हती. ते चटईवर जरा बाजूला सरकले आणि शिष्याला बसायला जागा करून दिली.